अर्ध्यावर अडवलेले बोलणे

एका राज्यात लोक बोलायला भीत असत. तिथली माणसे वाघाला भीत नसत, अंधारालाही भीत नसत. पण राजाच्या दरबारात तोंड उघडायचे म्हटले की भल्याभल्यांच्या घशाला कोरड पडे. सिंहासनाच्या उजव्या हाताला काशाची एक घंटा टांगलेली होती आणि घंटेपाशी श्रीकंठशास्त्री बसत. भीती होती ती त्या दोघांची.

राज्याचा दंडक असा, की फिर्याद घेऊन येणाऱ्याने शुद्ध बोलावे. पहिली चूक शास्त्रीबुवा सोडून देत. दुसरीला डोळे मिटून घेत. तिसरी झाली की घंटा वाजवत. घंटा वाजली की बोलणाऱ्याने असेल तिथे थांबायचे, नमस्कार करायचा आणि घरची वाट धरायची. बोलणे अर्धे राहिले तर राहिले. राजा विजयध्वज मनाचा वाईट नव्हता. जिभेला वळण लागले की राज्यालाही लागेल, असे त्याला मनापासून वाटे.

आणि शास्त्रीबुवांचे कान म्हणजे काय सांगावे! घासात खडा यावा तसे चुकीचे बोलणे त्यांना लागे. 'मी त्याला बोललो' असे कुणी म्हटले की त्यांच्या कपाळाला आठी पडे. 'मला पुस्तक भेटले' ऐकले की पाठीतून कळ जाई. वाण्याच्या पाटीवर 'आणि'ची वेलांटी दीर्घ दिसली, तर ते पालखी थांबवून खाली उतरत आणि ती स्वतःच्या उपरण्याने पुसून काढत. एकदा देवळातल्या शिलालेखात विरामचिन्ह राहिले म्हणून त्यांनी भर पूजेत छिन्नी मागवली होती. हसू नका. असे एखादे शास्त्रीबुवा तुमच्याही ओळखीत असतील, आणि ते मनाने चांगलेही असतील. आपलेही होते.

शास्त्रीबुवांना बायको नव्हती. एकुलती एक लेक होती, शाल्मली. ती पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. एका सकाळी तिला कळा सुरू झाल्या. सुईणीला आत सोडून शास्त्रीबुवा दरबारात आले खरे, पण त्यांचे मन घरीच होते.

ऊन उतरणीला लागले तेव्हा दरबारात एक म्हातारी आली. तिच्या पायांतून पाणी निथळत होते आणि तिची पावले फरशीवर उमटून तशीच ओली राहत होती. तिचे नाव गोजराबाई. तिने हात जोडले नाहीत, ती थेट बोलायला लागली. शास्त्रीबुवांनी एक चूक सोडली, दुसरीला डोळे मिटले, तिसरीला घंटा वाजवली. म्हातारी थांबली. तिने खिडकीतून दूर डोंगराकडे पाहिले, आणि तिकडे तिला जे दिसले ते दुसऱ्या कुणालाही दिसले नाही. मग ती दरबाराच्या मध्यावर उभी राहून हळूच म्हणाली, "आता या राज्यात कायबी पुरं व्हायचं न्हाई."

एवढे बोलून ती निघून गेली. शास्त्रीबुवांनी त्या वाक्यातल्याही चुका मनातल्या मनात मोजल्या.

त्या क्षणापासून राज्यात काहीच पुरे होईना. झाडावरून सुटलेला आंबा जमिनीवर पडेना, मध्येच लोंबकळून राहिला. साळ्याचा माग चालू राहिला, लुगडे लांबत गेले, पण त्याला काठ येईना. एका लग्नात मंगलाष्टके चालू होती ती चालूच राहिली. अंतरपाटाच्या अलीकडे नवरी आणि पलीकडे नवरा, दोघेही हार हातात घेऊन ताटकळले. शेजारच्या गावी निघालेले लोक चालत राहिले आणि गाव जवळ येईना. सूर्य पश्चिमेच्या डोंगरावर हातभर उंचीवर आला आणि तिथेच थांबला. त्या पिवळ्या उन्हात सारे राज्य तिष्ठत उभे राहिले, आणि लोक वर बघून नकळत हात जोडू लागले.

शाल्मलीच्या कळाही थांबेनात. सुईण बाहेर येऊन म्हणाली, "बाळ वाटेवर आहे, पण त्याची वाट सरत नाही." आतून लेकीचा आवाज येत होता. राजाने नगरातले सारे मांत्रिक बोलावले, पण त्यांचे मंत्रही शेवटापर्यंत जाईनात. शास्त्रीबुवा अंगणात येरझाऱ्या घालत राहिले. व्याकरणाचे सारे ग्रंथ मुखोद्गत असलेला तो माणूस तेव्हा अगदी असहाय होता.

तेवढ्यात तुळशीवृंदावनावर एक टिटवी येऊन बसली आणि माणसासारखे बोलू लागली.

"शास्त्री, दरबारातून कुणाला परत लावलेस?"

"एका बाईला. ती 'पाणी'ला 'पानी' म्हणाली होती."

"पाण्याचे काय सांगत होती?"

तो 'न' त्यांना अजून कानात ऐकू येत होता, पण बाई काय सांगायला आली होती हे काही केल्या आठवेना. मग त्यांनी मागचे आठवून पाहिले. परत गेलेल्या प्रत्येकाची चूक त्यांना पाठ होती, आणि एकाचीही फिर्याद ठाऊक नव्हती.

टिटवीने मग सांगितले ते असे. गोजराबाई पाण्याशी बोलत असे आणि पाणी तिचे ऐके. ती आता डोंगरापलीकडे बंधाऱ्याच्या पायथ्याशी उभी होती. तिथवर पोचायचे तर ज्यांचे बोलणे घंटेने तोडले असे दोघे वाटेत भेटतील, त्यांचे ते शेवटपर्यंत ऐकायचे, आणि तिसरे, गोजराबाईचे, तिचे तिला परत द्यायचे. ज्याचे बोलणे ऐकले जाईल त्याची वाट मोकळी होईल. गोजराबाईचा शेवटचा शब्द उच्चारला गेला की शापही सरेल. टिटवी म्हणजे पाण्याचे पाखरू. तिच्यावर शापाची सत्ता नव्हती, आणि तिच्या सावलीत चालणाऱ्या माणसाची वाट सरत असे.

शास्त्रीबुवा आत जाऊन लेकीच्या उशाशी क्षणभर बसले. "येतो," एवढेच म्हणाले. मग पायांत वहाणा न घालताच त्या सावलीमागे निघाले.

पहिल्यांदा खिंड लागली. खिंडीत बिरू नावाचा एक धनगर डोक्यावर तांब्याचा मोठा हंडा घेऊन उभा होता आणि एक काळाभोर नाग खिंड अडवून पसरला होता. नागाचे शेपूट एका कड्याला टेकलेले आणि फणा दुसऱ्या कड्याला. बिरूची दाढी छातीवर रुळत होती. शास्त्रीबुवांनी त्याला ओळखले, म्हणजे त्याच्या चुकीवरून ओळखले. हंडा भेटत नाही, मिळतो. भेटतो तो माणूस, असे याला त्यांनी भर दरबारात ऐकवले होते.

"तेव्हा काय सांगत होतास, ते आता सांग," ते म्हणाले. "मी थांबवणार नाही."

बिरूने त्यांच्याकडे संशयाने पाहिले. मग घसा खाकरून म्हणाला, "म्हाराज, मला रानात धनाचा हंडा भेटला. त्याच्यावर शाप हाय. जो घील त्यानं राजाच्या हाती दिला नाय, तर त्यो डोक्यावरनं उतरत नाय. म्या ठेवाया न्हाई, द्यायाच आनलेला. घ्या म्हंजी म्या मोकळा झालो."

शास्त्रीबुवांच्या जिभेच्या टोकाशी सगळ्या दुरुस्त्या येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी त्या गिळल्या, आणि खरे सांगायचे तर त्यांना ते फार जड गेले. "राजाच्या वतीने घेतला," ते म्हणाले आणि हात पुढे केले. हंडा बिरूच्या डोक्यावरून सुटला, जमिनीला टेकला आणि जमिनीने तो पोटात घेतला. नाग त्याच्यामागून त्याच भोकात उतरला. उतरताना त्याच्या अंगावरून ऊन सरकत राहिले, आणि तो एवढा लांब होता की शास्त्रीबुवा आणि बिरू किती तरी वेळ नुसते बघत राहिले. मग बिरूने मान वाकवली, मोडून पाहिली, आणि तो मेंढरे शोधायला निघून गेला. एक माणूस एवढा भार डोक्यावर घेऊन इतके दिवस आपल्या घंटेपायी उभा होता, ही गोष्ट शास्त्रीबुवांच्या मनाला खिंड ओलांडल्यावरही टोचत राहिली.

पुढे नदी आडवी आली. काठावर कोंडाबाई बसली होती आणि नाव कुठेच नव्हती. कोंडाबाईचा भाऊ इथला नावाडी. राजाची नाव बुडवल्याचा आळ येऊन तो बंदिशाळेत पडला होता. त्याच्यासाठी रदबदली करायला ती दरबारात आली आणि 'मी शिपायाला बोलली' म्हणताच तिसरी चूक भरली. शास्त्रीबुवांनी तिला बोलायची विनंती केली. तिने उत्तर दिले नाही. त्यांनी पुन्हा विनवले. ती पाण्याकडे बघत राहिली. तिने त्या दिवसापासून कुणाशीच बोलणे टाकले होते.

शास्त्रीबुवा काठावरच्या वाळूत बसले. आता काय करावे ते त्यांना सुचेना आणि लेकीचा आवाज कानातून जाईना. मग त्यांनी कोंडाबाईला आपलेच सांगायला सुरुवात केली. शाल्मली लहान असताना तिची आई गेली. तिला वेणी घालायला आपण शेजारणीकडून शिकलो. आणि आज ती आत तळमळते आहे.

"बाई, माझी लेक कळा सोसतंय," ते म्हणाले, "आणि मी... मी काहीच करता येत नाही."

ते एकदम थांबले. उभ्या आयुष्यात त्यांच्या तोंडून असे मोडके वाक्य कधी निघाले नव्हते. अंग चोरून ते वाट पाहू लागले, पण काठावर काहीच वाजले नाही. कोंडाबाईने मान वळवून त्यांच्याकडे पाहिले. ती ऐकत होती. तिने हाताने 'पुढे सांगा' अशी खूण केली. शास्त्रीबुवांना तेव्हा रडू आले, आणि त्यांनी उरलेले सगळे रडतच सांगितले.

मग कोंडाबाई बोलली. "नाव बुडाली तवा माझा भाऊ नावंत नव्हताच. माझं पोर तापानं फणफणलेलं. ह्यो त्याच्या उशाशी बसून रातभर पान्याच्या पट्ट्या ठेवत व्हता. हेच मी शिपायाला बोलली, हेच राजाला सांगनार व्हती. एवढंच व्हतं."

एवढेच होते. तिचे बोलणे संपले आणि पलीकडच्या काठावरून एक नाव आपोआप निघाली. नावेत कोंडाबाईचा भाऊ बसला होता. त्याच्या मनगटांवर बेड्यांचे वळ होते आणि बेड्या नव्हत्या. त्याने शास्त्रीबुवांना एक शब्दही न बोलता पार नेले. त्याने शिव्या दिल्या असत्या तर शास्त्रीबुवांना बरे वाटले असते.

नदीपलीकडची चढण संपली आणि शास्त्रीबुवांचे पाय जागीच थांबले. समोर दरीत एक गाव होते, शंभरेक उंबऱ्यांचे. गावाच्या डोक्यावर पाणी उभे होते. बंधारा केव्हाच फुटला होता, त्याचे दगड हवेत अधांतरी होते, आणि त्यांच्यामागून डोंगराएवढे पाणी खाली झेपावता झेपावता थबकले होते. पिवळे ऊन त्याच्या आरपार येत होते. आत मासे स्थिर होते, उपटलेले वृक्ष स्थिर होते, आणि खूप आत साती आसरा, पाण्यातल्या त्या बहिणी, केस मोकळे सोडून पाण्याला पाठ लावून उभ्या होत्या. गावातले लोक गाठोडी घेऊन चालत होते, चालतच होते, आणि त्यांना वेस काही ओलांडता येत नव्हती. शास्त्रीबुवांनी आयुष्यात पहिल्यांदा असे काही पाहिले की ज्याला त्यांच्याजवळ शब्द नव्हता. ते नकळत गुडघ्यांवर बसले.

पाण्याच्या पायथ्याशी गोजराबाई दोन्ही हात वर करून उभी होती.

"आलास," ती म्हणाली. "मी काय बोलले व्हते, सांग."

शास्त्रीबुवांनी डोळे मिटले. त्यांना चुकांखेरीज काही आठवेना. मग त्यांनी चुकाच धरल्या. पहिली चूक होती भिंतीच्या ठिकाणी, तिथला अनुस्वार गेला होता. कसली भिंत? ती चूक मनात घोळवली तसा तिच्या आजूबाजूचा आवाज परत येऊ लागला. एका चुकीवरून दुसरीकडे, दुसरीवरून तिसरीकडे, अंधारात चाचपडत जावे तसे ते गेले. एकही चूक दुरुस्त करून चालणार नव्हते. तिला हात लावला की शेजारचे शब्द विझत. घोगऱ्या आवाजात, तिच्याच बोलीत, ते म्हणाले:

"राजा, तुझ्या आज्यानं बांधलेल्या बंधाऱ्याची भित पोटातनं फुगलीय. आतलं पानी मला रोज सकाळी इचारतंय..."

"हितं घंटा वाजली," गोजराबाई म्हणाली.

त्याच क्षणी वेशीपाशी गलका झाला. सर्वांत पुढच्या माणसाचे पाऊल वेशीबाहेर पडले होते. गोजराबाई ज्यांच्यासाठी बोलायला आली होती त्यांची वाट मोकळी झाली होती, आणि लोक टेकडीकडे धावू लागले.

गोजराबाईने मग त्यांना सांगितले, की तिने शाप रागाने दिला नव्हता. दरबारात घंटा वाजली त्याच वेळी बंधारा फुटला. तो तिला खिडकीतून दिसला. सुटलेल्या पाण्याला अडवण्यासाठी तिच्याजवळ दुसरे काहीच नव्हते. मंत्र मोठा होता, त्याला एवढेच गाव धरायला सांगता येत नव्हते, म्हणून त्याने सारे राज्य धरले. शास्त्रीबुवांनी तिच्या वर धरलेल्या हातांकडे पाहिले. सूड समजून ज्याला आपण घाबरलो, ती तर एका म्हातारीने दोन हातांवर पेललेली दया होती.

टिटवी नगराकडे जाऊन आली होती. ती खांद्यावर बसून म्हणाली, "शास्त्री, तुझी लेक आता ओरडत नाही. तिच्यात तेवढे बळ उरलेले नाही."

गोजराबाईने त्यांच्याकडे पाहिले. "शेवटचं बोलनं माझ्यापाशी हाय. बोलले की तुझी लेक सुटंल, आनि पानीबी सुटंल. तूच सांग. बोलू?"

टेकडीवर अर्धे गाव चढले होते. अर्धे अजून खालीच होते. लंगडी माणसे, तान्ही मुले, खाटेवरची म्हातारी. शास्त्रीबुवांनी नगराच्या दिशेने पाहिले. माझे पोर जगू दे, एवढीच एक गोष्ट त्यांना या जगात हवी होती.

"नको," ते म्हणाले. "थांबा."

आणि ते खाली धावले. त्यांनी एका आंधळ्या म्हाताऱ्याला पाठीवर घेतले. तो वाटभर त्यांच्या कानाशी अखंड बोलत होता, सगळे अशुद्ध, आणि शास्त्रीबुवांना त्यातून एवढेच ऐकू आले की त्याची सून मागे राहिली आहे. त्याला वर ठेवून ते सुनेसाठी परत गेले. मग एका बाळंतिणीला घेऊन आले. प्रत्येक खेपेला त्यांना लेकीची आठवण होई आणि प्रत्येक खेपेला ते पुन्हा खाली उतरत. शेवटी दरीत माणूस उरले नाही, तेव्हा त्यांनी टेकडीवरून हात वर केला.

खालून गोजराबाईचा आवाज स्पष्ट ऐकू आला. "पानी मला रोज सकाळी इचारतंय, जाऊ का? मी म्हंते थांब. पर आता मी दमले, राजा. मानसं हलीव."

बोलणे पुरे झाले. तिने हात खाली घेतले. साती आसरा हसत पुढे आल्या, त्यांनी तिला आपल्यात घेतले आणि मग पाणी सुटले. तो आवाज टेकडीवरच्या लोकांनी पुढे आयुष्यभर छातीत बाळगला. घरे गेली, गोठे गेले, देऊळ कळसापर्यंत बुडाले. माणूस एकही गेले नाही. डोंगरावरचा सूर्य हळूच सरकला आणि मावळला. राज्यात संध्याकाळ झाली. आंबे पटापट खाली पडले, लुगड्याला काठ आले, आणि त्या लग्नघरी अंतरपाट दूर होऊन इतक्या वेळाने एकदाचे हार गळ्यात पडले.

पुढे राजाने घंटा उतरवली, बुडालेले गाव उंचावर नव्याने वसवले, आणि जो येईल त्याचे शेवटपर्यंत ऐकायचे असा नवा दंडक घातला. शास्त्रीबुवा पाट्यांच्या वेलांट्या मात्र मरेपर्यंत पुसत राहिले; स्वभावाला औषध कोण देणार? पण हे सगळे मागाहून झाले.

त्या संध्याकाळी ते चिखलाने माखलेले आपल्या दारी आले, तेव्हा त्यांना आत जायचा धीर होईना. घरात शांतता होती. मग त्या शांततेत एक बारीक, चिडका, अगदी नवा आवाज उमटला, आणि ते उंबऱ्याला अडखळतच आत गेले.

शाल्मली उशीला टेकून बसली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि तिच्या कुशीत लालबुंद मुलगी होती. वडिलांना पाहताच ती भराभर बोलू लागली. "आप्पा, मला वाटलं मी आता काय वाचत नाय. इतक्यात एकदम पान्याचा आवाज आला, आणि मग ना..."

ती मध्येच थांबली आणि सवयीने वडिलांच्या तोंडाकडे पाहू लागली. लहानपणापासून ती अशीच थांबत आली होती, आणि शास्त्रीबुवांच्या ते आज ध्यानात आले. वेणी घालताना, जेवताना, शाळेतून पळत आल्यावर ही पोर किती तरी सांगायला येई, आणि त्यांतले एकही त्यांना आठवत नव्हते.

ते तिच्या उशाशी बसले. चिखलाचा हात धोतराला पुसून त्यांनी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"मग?" ते म्हणाले. "मग काय झालं, बाळ?"

शाल्मली क्षणभर बघतच राहिली. मग तिने सांगायला सुरुवात केली. तिला हवे तसे, सुचेल तसे सांगत गेली, आणि शास्त्रीबुवा ऐकत राहिले. तिचे सांगणे पुरे झाले, तिथे आपलीही गोष्ट पुरी झाली.